काळा पडदा आणि यंत्राची हाक

एका खेड्यातील शाळेची गोष्ट आहे. शाळा प्राथमिक, गुरुजी दोन, मुले साठ-पासष्ट. शाळेला एक कॉम्प्युटर असावा म्हणून गावाने लोकवर्गणी काढली. कुणी हजार दिले, कुणी शंभर; एका म्हातारीने अंडी विकून साठवलेले पैसे रुमालात बांधून आणून दिले. तयार कॉम्प्युटर महाग पडतो, म्हणून याच शाळेत शिकून पुढे आयटीआयला गेलेल्या एका मुलाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि दोन रात्री जागून ते जोडले. २६ जानेवारीला झेंडावंदन झाले, सरपंचांनी नारळ फोडला, बटण दाबले. आतला पंखा फिरू लागला, लहानसा दिवाही लागला. पडदा मात्र काळा तो काळाच. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मुले चुळबुळू लागली. मागून कुणीतरी म्हणाले, "पोरानं वर्गणी बुडवली!"

संध्याकाळी तिथल्या गुरुजींचा मला फोन आला. "सर, तुम्ही कॉलेजात आहात. तुम्हाला कळतं का हो यातलं काही? पोरगं जेवलंसुद्धा नाही."

मी इतिहास शिकवणारा माणूस. दुरुस्ती मला येत नाही, आणि तसे मी त्यांना सांगितले. पण नवे यंत्र जोडावे आणि त्याने तोंडच उघडू नये, ही अडचण या यंत्राइतकीच जुनी आहे. ती ज्यांच्यावर प्रथम आली त्यांनी काय केले, ते मात्र मला ठाऊक होते. गुरुजींना त्या दिवशी जे थोडक्यात सांगितले तेच आज तुमच्यापुढे जरा सविस्तर मांडतो. त्या मुलाचे पुढे काय झाले ते शेवटी येईलच.

इंग्लंडातील मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर. तेथील विद्यापीठात १९४८ साली फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल हे तिघेजण एक यंत्र जोडीत होते. युद्धाच्या काळात रडारचे काम केलेली ही माणसे. रडारच्या पडद्यावर ठिपके उमटतात, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. विल्यम्सच्या मनात आले की, या ठिपक्यांचा उपयोग आठवण ठेवण्यासाठी का करू नये? काचेच्या नळीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत जेथे पडतो तेथे विजेचा थोडासा भार राहतो. म्हणजे खूण राहिली. पण ती टिकते किती? डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विरू लागते. तेव्हा ती विरण्यापूर्वी वाचायची आणि तेथेच पुन्हा काढायची, पुन्हा वाचायची, पुन्हा काढायची. वाऱ्याच्या अंगणात रांगोळी काढणारी बाई जशी एकीकडे काढते आणि एकीकडे उडालेली रेघ पुन्हा भरते, तसला हा प्रकार. किलबर्नने १९४७ अखेरपर्यंत अशा एका नळीत २०४८ खुणा तासन्‌तास टिकवून दाखविल्या.

नळी एकटी असताना ठीक चालते, हे कळले. पण तिच्याभोवती खरे यंत्र धावू लागले, क्षणाक्षणाला खुणा बदलू लागल्या, म्हणजे ती टिकेल का? ते पाहण्यासाठी त्यांनी जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. मोठे यंत्र बांधायला न घेता, ज्याला यंत्र म्हणता येईल असे लहानात लहान यंत्र त्यांनी बांधले. त्याची स्मृती अवघ्या ३२ ओळींची, आणि प्रत्येक ओळीत ३२ खुणा. गणितापैकी त्याला फक्त वजाबाकी येत होती. नाव पडले 'बेबी', म्हणजे बाळ. आता हे बाळ सुमारे १७ फूट लांब आणि एक टन वजनाचे होते, त्यात साडेपाचशेच्या आसपास व्हॉल्व्ह होते, हा भाग निराळा!

या बाळाला पडदाही होता, आणि तो का होता ते नीट ध्यानात घ्या. ज्या नळीत आठवण साठवायची तिच्या तोंडावर धातूची जाळी बसविलेली असे. त्यामुळे आत काय आहे ते माणसाला दिसत नसे. म्हणून तिच्या जोडीने दुसरी नळी लावून तीवर तेच ठिपके उमटवीत. यंत्राच्या पोटात काय चालले आहे ते पाहण्याची ही एवढीच खिडकी.

बटणे दाबदाबून, एकेक खूण करीत कार्यक्रम आत घालायचा. मग चालू करण्याची कळ दाबायची. पहिल्या काही दिवसांत काय होई, ते विल्यम्सने पुढे सांगून ठेवले आहे. कळ दाबताच पडद्यावरचे ठिपके वेड्यासारखे नाचू लागत आणि त्या नाचातून निष्पन्न काहीच होत नसे. याहून वाईट म्हणजे कुठे बिघडले आहे याचा माग त्यातून लागत नसे. यंत्र नुसते बंद पडले असते तर एक वेळ परवडले असते. चालू दिसणारे पण काही न सांगणारे यंत्र माणसाचा अंत पाहते.

२१ जून १९४८ ला नाच थांबला आणि जेथे उत्तर यायला हवे तेथे बरोबर उत्तर चमकत उभे राहिले.

त्या कार्यक्रमात घातलेले गणित शिक्षकांना आवडेल असे होते. एखादी संख्या घ्यायची आणि ती संख्या सोडून तिला भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या शोधायची. २,६२,१४४ या संख्येला अशी सर्वांत मोठी संख्या कोणती? चौथीतला हुशार मुलगाही सांगेल की, संख्या सम आहे तेव्हा तिची निम्मी, १,३१,०७२. यंत्राने मात्र वरून खाली एकेक संख्या घेऊन, भागाकाराऐवजी पुन्हा पुन्हा वजाबाकी करीत हे उत्तर काढले. त्याला ५२ मिनिटे लागली आणि सुमारे ३५ लाख क्रिया कराव्या लागल्या. कुणी म्हणेल, एवढ्या सोप्या गणितासाठी एवढा खटाटोप कशाला? पण नव्या यंत्राची परीक्षा घ्यायची तर उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असलेले बरे, आणि यंत्राला बराच वेळ धावावे लागेल असे गणित असलेले बरे. दोन्ही गोष्टी या गणितात होत्या. या यशानंतर आम्ही आमची धडपड लगेच दुप्पट केली, असे विल्यम्स मोठ्या गंभीरपणे सांगतो. ती कशी? तर एका तंत्रज्ञाच्या जागी दोन तंत्रज्ञ ठेवले!

याच सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातही एका नव्या यंत्राची तपासणी चालली होती. ९ सप्टेंबर १९४७ ला त्याच्या एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला आणि तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकवून ठेवला. इंग्रजीत यंत्रातील दोषाला किडा म्हणतात तो या पतंगावरून, असे पुष्कळजण सांगतात. ते काही खरे नव्हे. तो शब्द त्यापूर्वी सत्तर वर्षे, एडिसनच्या काळातही वापरात होता. पतंग मात्र खरा आणि वहीही खरी. ती आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

आपल्याकडेही हा अनुभव घेतलेली माणसे होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी १९५० नंतरच्या दशकात संपूर्ण यंत्र येथेच बांधायला घेतले. त्या वेळी देशात संगणक म्हणजे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली इंग्लंडहून आणविलेला एक. तेव्हा पाहून शिकायची सोय फारशी नव्हती. या मंडळींनीही मँचेस्टरसारखेच केले. आधी एक लहान नमुना-यंत्र बांधले. ते १९५६ च्या अखेरीस चालू लागल्यावरच मोठ्याला हात घातला. मोठ्या यंत्रात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते, आणि १२,५०० रोधक. १९६० साली ते रीतसर कामाला लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यालाही रडारसारखी नळी जोडून पडदा दिलेला होता. त्यावर आकृती आणि अक्षरे उमटवता येत. हजारो सांध्यांपैकी एक सांधा कच्चा राहिला तर काय होईल, याची कल्पना ज्याने घरी साधा रेडिओ उघडला आहे त्याला येईल. लहान यंत्र आधी बांधल्याने शोधायचे क्षेत्रच लहान होते, हा त्यातला लाभ.

आता दुसरी गोष्ट, आणि ही रेडिओच्या मंडळींना जवळची वाटेल. डोळ्यांना दिसत नसेल तर कानाने ऐकावे, हे यंत्राच्या बाबतीतही लवकरच सुचले. बेबीनंतर मँचेस्टरला १९५१ साली फेरांती कंपनीने बांधलेले मोठे यंत्र आले. त्याला एक भोंगा जोडलेला होता. अ‍ॅलन ट्यूरिंग या थोर गणितज्ञाने त्या यंत्राचे जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले त्यात या भोंग्याची माहिती आहे. एक आज्ञा दिली की भोंगा एकदा टिचकी वाजवल्यासारखा आवाज करी. तीच आज्ञा वेगाने पुन्हा पुन्हा दिली की टिचक्यांचा एक सलग सूर होई. काम संपले, किंवा अमुक टप्पा आला, हे यंत्राने हाक मारून कळवावे म्हणून ही सोय. ऑस्ट्रेलियात सिडनीला बांधलेल्या यंत्रालाही असाच कर्णा होता, आणि चालवणारे त्याच्या आवाजावरून काम कुठवर आले ते ओळखीत. आपल्याकडे पिठाच्या गिरणीवाला दुसऱ्याशी बोलत असतो, पण जात्याचा आवाज बदलला की त्याचा हात आपोआप कळीकडे जातो, तसेच हे.

भोंग्यातून सूर निघतो म्हटल्यावर गाणे निघायला किती वेळ! १९५१ च्या शरद ऋतूत बी.बी.सी.ने मँचेस्टरला जाऊन या यंत्राचे गाणे ध्वनिमुद्रित केले. पहिले त्यांचे राष्ट्रगीत, मग मुलांचे मेंढीचे गाणे, आणि तिसरे 'इन द मूड' नावाची त्या वेळी गाजलेली एक धून. ती अर्ध्यावर आली आणि यंत्र अडखळून थांबले. तेथे जमलेल्या मंडळींचे हसणे त्या तबकडीवर उमटले आहे, आणि यंत्राचा मूड दिसत नाही, असा कुणीतरी मारलेला शेराही. पुढे २०१६ साली न्यूझीलंडमधील दोघा अभ्यासकांना आढळले की त्या तबकडीचा वेग चुकलेला असल्याने सूर खोटे लागत होते; तो सुधारून त्यांनी ते गाणे पुन्हा ऐकण्याजोगे केले. यंत्र बिघडल्याचा पुरावा इतक्या प्रेमाने जपल्याचे उदाहरण मला तरी दुसरे माहीत नाही.

यानंतरची पंचवीस वर्षे मी झटपट ओलांडतो. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, यंत्रे लहान झाली. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर' नावाचे यंत्र झळकले. सुटे भाग टपालाने मागवायचे आणि घरी बसून स्वतः डाग देऊन जोडायचे. किंमत ४०० डॉलरच्या आसपास. पडदा नाही, टाइपराइटरसारख्या कळा नाहीत; पुढच्या बाजूस खटके आणि लाल दिवे, बस्स. आमच्या गोष्टीतल्या मुलासारखी हजारो माणसे पहिल्यांदाच घरी यंत्र जोडून त्याच्यासमोर श्वास रोखून बसली ती या वेळी.

त्यांपैकी स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या एकाने यंत्रावर एक कार्यक्रम चालू ठेवला होता आणि शेजारी हवामानाची बातमी ऐकण्यासाठी रेडिओ लावला होता. रेडिओत खरखर येऊ लागली. आपण असतो तर स्टेशन बदलले असते. त्याने कान दिला, तेव्हा त्याला कळले की ही खरखर यंत्राच्या कामाबरोबर बदलते आहे. यंत्रातील वीज हजारो वेळा चालू-बंद होताना जी लहर सुटते ती रेडिओ पकडीत होता. मग त्याने मुद्दाम अशा आज्ञा रचल्या की खरखरीचे सूर व्हावेत, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींच्या सभेत अल्टेअरवर रेडिओ ठेवून गाणे ऐकविले. ज्याला डोळे नाहीत, तोंड नाही, अशा यंत्राचा आवाज शेजारच्या रेडिओने जगाला ऐकविला!

पण ही झाली हौस. खरा प्रश्न मोठ्या बाजारात आला. आय.बी.एम. कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ ला आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. तो दुकानदाराच्या, कारकुनाच्या, शाळामास्तराच्या टेबलावर जाणार. तेथे विल्यम्स नाही आणि ट्यूरिंगही नाही. यंत्राने आपला दोष स्वतःच सांगितला पाहिजे. बरे, सांगायचा कोठे? पडद्यावर. आणि पडदाच लागत नसेल तर? म्हणून रचना अशी केली की बटण दाबताच यंत्र आधी स्वतःला तपासते. प्रथम मेंदूचे काम करणारा प्रोसेसर, मग त्याच्या कायम आज्ञांची चिप, मग स्मृतीचा सुरुवातीचा तुकडा, आणि त्यानंतर पडदा चालवणारा भाग. यातले सगळे ठीक असेल तर एक आखूड बीप. पडदा चालवणाऱ्या भागात दोष निघाला तर एक लांब आणि दोन आखूड. मुख्य पट्टीत, म्हणजे मदरबोर्डात दोष असेल तर एक लांब, एक आखूड. आवाजच नाही, किंवा आवाज थांबतच नाही, तर वीजपुरवठ्याकडे पाहा. तारमास्तराच्या कट्ट-कडकट्टसारखीच ही भाषा. शिवाय कंपनीने या तपासणीचा संपूर्ण कार्यक्रम आपल्या तांत्रिक पुस्तकात छापून टाकला, त्यामुळे कोणती तपासणी आधी आणि कोणती नंतर हे कुणालाही वाचता येऊ लागले. १९८४ च्या पुढच्या यंत्रात प्रत्येक टप्प्याचा आकडाही बाहेर काढण्याची सोय झाली. दुरुस्ती करणारे कारागीर एक लहानशी पट्टी यंत्रात खोचतात, तिच्यावर दोन आकडे दिसतात, आणि यंत्र कोठे अडले ते कळते. तिला ते 'पोस्ट कार्ड' म्हणतात; टपालाचा तिच्याशी संबंध नाही, पण खुशालीचे पत्रच ते!

ही तपासणी आजच्या यंत्रांतही होते. बीपची भाषा मात्र कंपनीकंपनीगणिक बदलते, म्हणून मदरबोर्डाबरोबर येणारी पुस्तिका फेकू नये. अलीकडच्या पुष्कळ मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, स्मृती, पडद्याचे कार्ड आणि सुरू करण्याची डिस्क. जेथे अडले तेथला दिवा पेटून राहतो. आणि गंमत पाहा, बीप वाजवणारा इवलासा स्पीकर आता बऱ्याच नव्या कॅबिनेटमध्ये देतच नाहीत. एवढ्याशा स्वस्त वस्तूत काटकसर! यंत्र हाक मारीत असते, पण त्याला कंठच नसतो.

आता आपल्या शाळेकडे वळू. फोनवर मी गुरुजींना म्हटले, "गुरुजी, पोराला सांगा, मँचेस्टरच्या मंडळींनी केलं तसं कर. यंत्र लहान कर आणि मग त्याचं म्हणणं ऐक."

मुलाला ते लगेच उमगले. मला उमगले होते त्यापेक्षा जास्तच. त्याने आधी बाहेरचे पाहिले. मॉनिटरला वेगळी वीज मिळते आहे ना, आणि त्याची वायर योग्य जागी आहे ना. पडद्याचे वेगळे कार्ड बसवलेले असताना वायर मदरबोर्डाच्या तोंडात खोचली तर बहुधा पडदा काळाच राहतो, आणि ही चूक भल्याभल्यांकडून होते. येथे तसे नव्हते. मग त्याने मुख्य वीज काढली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, आणि डिस्क, जादा वायरी, सारे सोडवले. राहिले मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, स्मृतीची एक पट्टी आणि वीजपुरवठा. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी वायर असते. ती विसरली तर पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो. तीही पाहिली, ती लावलेली होती.

स्पीकर कॅबिनेटमध्ये नव्हताच. तो सायकल काढून तालुक्याला गेला आणि भंगारातल्या एका जुन्या कॉम्प्युटरचा स्पीकर उपटून घेऊन आला. मदरबोर्डावर 'स्पीकर' असे लिहिलेल्या चार टाचण्यांवर तो बसवला आणि बटण दाबले. एक लांब बीप. पुन्हा लांब. पुन्हा लांब. पुस्तिकेत पाहिले तर, स्मृती सापडत नाही.

पट्टी बसवलेली होती, पण एका टोकाची खिट्टी पुरती लागली नव्हती. सुताभर अंतर राहिले होते. जुन्या यंत्रात अशा वेळी कारागीर पट्टीची सोनेरी टोके खोडरबराने पुसतात. ही कोरी होती, तिला फक्त नीट दाबायचे होते. नवा भाग मोडेल या भीतीने पोराने पहिल्या रात्री हात राखला होता. वीज काढून त्याने पट्टी पुन्हा बसवली आणि दोन्ही टोकांना खिट्ट्यांचा आवाज येईपर्यंत दाबली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन आला. मागे मुलांचा गलका चालला होता, आणि त्यातच त्या अंडीवाल्या म्हातारीचा आवाज, "दिसंना मला, सरका की रं!" मी विचारले, "काय झालं, गुरुजी?"

"सर, थांबा," ते म्हणाले. "अरे, बंद करून पुन्हा लाव बघू." आणि त्यांनी फोन कॅबिनेटजवळ धरला. पंखा फिरल्याचा घुंघुं आवाज आला, आणि मग एकच आखूड बीप.